रेझ्युमे नव्हे, सीव्ही

३ मार्च, सकाळ
नोकरी धरायचं नक्की. वनस्पतिशास्त्रातला माणूस घरी बसलेला बरा दिसत नाही. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा आहे. रेझ्युमे मागितलाय. मुलीला फोन करून विचारलं, तो आणि सीव्ही एकच ना? म्हणाली, नाही बाबा, रेझ्युमे म्हणजे एक पान, त्या नोकरीपुरतं. सीव्ही म्हणजे अख्खी कारकीर्द, पेपरबिपर सगळं.
थोडक्यात, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं त्यांचा रेझ्युमे. मी सीव्ही पाठवणार. संध्याकाळपर्यंत तयार.

३ मार्च, संध्याकाळ
नाव लिहून झालं. फॉन्ट ठरायचाय.

५ मार्च
तारखा आठवेनात. शेवाळांवरचा माझा पेपर कधी छापून आला, असं सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं. उत्तर आलं, लेकीला गोवर आला होता तेव्हा. बरोबर. लिहून टाकलं.
हिला जाऊन वर्ष होत आलं. त्यामुळे आवाज हिचा असणं शक्य नाही. माझ्या स्मरणशक्तीचा असणार. कौशल्यांमध्ये ‘उत्तम स्मरणशक्ती’ टाकलं.

८ मार्च
आज लिखाण नाही. आतून ऑक्सिजनच्या मशीनची घुरघुर. मशीन तर केव्हाच परत दिलं. म्हणजे शेजाऱ्यांचा फ्रिज. तक्रार करायला गेलो. शेजारीणबाईंनी फ्रिजचं बटण बंद करून दाखवलं. त्यांच्या स्वयंपाकघरातही घुरघुर चालूच. मग वरच्या मजल्यावरचा असेल, म्हणालो. त्यांनी जेवलात का, एवढंच विचारलं.
वरच्या मजल्यावर उद्या जाईन.

११ मार्च
सीव्हीत गेली काही वर्षं रिकामी दिसतात. हिची फुप्फुसं थकली तेव्हा नोकरी सोडली होती. मुलगी म्हणते, सरळ लिहा, आईचं करत होतो. काहीतरीच! कंपनीला घरातल्या गोष्टी कशाला? ‘स्वतंत्र संशोधन’ असं लिहिलं. खोटं कुठे आहे? कुठल्या कुशीवर दम कमी लागतो, कुठली उशी चालते, बोलताना कधी थांबवायचं, सगळी निरीक्षणंच.
आतून खोकला. हसू आलं की हिला नेहमी खोकला यायचा.
सीव्ही पाठवून दिला. चांगला जाडजूड झालाय.

१९ मार्च
मुलाखतीचं बोलावणं! मुलीला कळवलं. निदान एक पान जवळ ठेवा म्हणाली. हसलो.

२१ मार्च, दुपार
मुलाखत उत्तम. समोर मुलीच्याच वयाची मॅनेजर. म्हणाली, सर, एवढं सगळं वाचायला वेळ झाला नाही, तुम्हीच सांगा, स्वतंत्र संशोधनाचा विषय काय होता? श्वसन, म्हणालो. वनस्पतींचं? हो. तिने विचारलं, आणि निष्कर्ष काय निघाला?
थांबतं, म्हणालो.
चष्मा काढून पुसत बसलो. तिने पेन खाली ठेवलं. पाणी मागवलं, रिक्षापर्यंत सोडायला शिपाईमामा पाठवले. असा मान सगळ्यांना देत नसणार. नोकरी पक्की.

२७ मार्च
नकार आला. छापील. तांत्रिक चूक असावी.
मुलगी न सांगता येऊन धडकली. सीव्ही अथपासून इतिपर्यंत वाचला. मग लॅपटॉप उघडून म्हणाली, बाबा, एकच पान करू. शेवाळं गेली, परिषदा गेल्या. खूप भांडलो. मग त्या वर्षांपाशी थांबून तिने विचारलं, इथे काय लिहू?
घरी होतो, म्हणालो. तुझ्या आईपाशी.
तिने तेवढंच टाइप केलं. डोळे पुसले आणि स्पेलिंग तपासलं.

२ एप्रिल, सकाळ
एका शाळेतून फोन. मुलीने परस्पर पान पाठवलेलं. प्रयोगशाळेत मदतनीस हवाय. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, रोज सकाळी आठला जमेल? मी म्हणालो, घरात विचारून सांगतो.
बाई म्हणाल्या, हो, जरूर विचारा, घरी कोण कोण असतं?
मी फोन धरून आतल्या खोलीकडे तोंड केलं. त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं.
कोणी नाही, म्हणालो. येतो आठला.