देशात जिंकलात, गावात हरलात

आबा,

तुम्ही त्या संध्याकाळी नेहमीसारखं जाजम अंथरलंत ते मला अजून दिसतं. सत्तावन्नची निवडणूक होऊन गेली होती आणि निकाल यायला लागले होते. आपल्या सणसरात बॅटरीवरचा रेडिओ तेव्हा दोनच ठिकाणी, एक आपल्याकडं आणि एक वेशीजवळच्या दुकानात. पण दुकानदार उभ्यानं ऐकवायचा आणि तुम्ही बसवून चहा द्यायचात, म्हणून बातम्यांना आपलंच अंगण भरायचं. त्या दिवशी तुम्ही हातानं जाजमाच्या सुरकुत्या काढल्यात, एरियलची तार लिंबाच्या फांदीला ताणून बांधलीत, कंदिलाची काच पुसलीत आणि बसलात. आई जाऊन बरेच दिवस झाले होते, मी तेव्हा माहेरी होते, चूल माझ्याकडं होती. मी सवयीनं मोठं पातेलं चढवलं. कुणी आलं नाही. दुकानाकडून माणसांचा गलका तेवढा ऐकू येत होता.

कुणी येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक असणार. सगळा मुलूख मुंबईसकट मराठी राज्य मागत होता, आणि जो पक्ष ते देत नव्हता त्याचं काम तुम्ही करत होता. त्याच पक्षापायी बेचाळीस साली तुरुंगात गेला होतात, म्हणून सोडवत नव्हतं, की खरंच तुम्हाला तसं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. राज्य तुम्हालाही हवं होतं. निमगाव केतकीच्या बाजारात फळीवर उभं राहून तुम्ही तेच सांगत होता, की मागणं आपलं एकच आहे, मी पक्षाच्या घरात राहून मागतो इतकंच. पुढचं कुणी ऐकलं नाही. ढेकळं आली, एक तुमच्या खांद्याला लागलं. आणि ओरडणाऱ्यांत सगळ्यात पुढं तुमचे जावई होते.

निमगाव माझं सासर. त्या रात्री सासऱ्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, की निवडणूक होईपर्यंत या घरात त्या माणसाची लेक नको. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला एसटीनं आणलं, फाट्यावर गाठोडं हातात दिलं, रांगत्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परतीच्या गाडीची वाट बघत तिथंच झाडाखाली उभे राहिले. मी कालव्याच्या कडेकडेनं एकटी घरी आले. तुम्ही उसाला पाणी देत होता. वर बघितलंत, फावडं टाकलंत, पोराला घेतलंत. काय झालं, का आलीस, एक शब्द विचारला नाहीत.

विचारलं असतंत तर बरं झालं असतं. प्रचाराचे ते दिवस तुम्ही सायकल मारत गावोगाव हिंडायचात आणि मी भाकरी झाकून बसायचे. एकदा तुम्ही जेवताना माझा धीर सुटला. मी म्हणाले, आबा, सोडा ना तो पक्ष, माझा संसार मोडतोय त्यात. तुम्ही घास खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तो तुमचा कधी चढत नसे.

“माझ्या मतापायी तुझं घर मोडत आसंल,” तुम्ही म्हणालात, “तर ते घर आधीच कच्चं हुतं. त्याला मी काय करू?”

आणि हात धुतलात. त्या बोलण्याचा राग मला पुढं कितीतरी वर्षं पुरला.

तर निकालाची रात्र. शेवटी शेजारचे तात्या आले. ते तिकडच्या बाजूचे, त्यांनीच आपल्या भिंतीवर घोषणा लिहिली होती. पायताण काढून जाजमाच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, “निकाल एकट्यानं ऐकू न्हाय.” तुम्ही सरकून जागा दिलीत. रेडिओ बोलायला लागला. लांबलांबच्या प्रांतांची नावं येतात, आपण कधी न पाहिलेल्या गावांची, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तुमचा पक्ष पुढं. दिल्लीचं राज्य तुमचंच राहणार हे त्या रात्रीच नक्की झालं. मी उंबऱ्यात बसून तुमच्याकडं बघतेय. तुमचा चेहरा हलत नाही. दर वेळी तात्या नुसतं “व्हय व्हय” म्हणतात. मग आपल्या भागातल्या जागा यायला लागतात आणि एकामागून एक पडायला लागतात. देशभर जिंकत चाललेला माणूस स्वतःच्या अंगणात हरत होता. शेवटच्या बातम्या झाल्या, नुसती खरखर उरली, आणि तुम्ही बॅटरी वाचवायला बटण फिरवलंत. आपल्या जागेचा निकाल राहिला होता. बारामतीत मोजणी चालू होती. तात्या जाजमावरच लवंडले, तुम्ही बसून राहिलात.

पहाटे हलगी ऐकू आली. बारामतीकडून ट्रक येत होता, गुलालानं माखलेला, माणसांनी भरलेला. इंदापूरची वाट आपल्या गावावरून आणि पुढं निमगावावरून, म्हणजे निमगावची माणसं त्यात असणारच. ट्रक गाव ओलांडून गेला नाही, आत वळला, आपल्या दारापुढं थांबला. हलगी वाढली. तुमचं नाव घेऊन घोषणा झाली, ती मी इथं लिहीत नाही. टपाच्या कडेला उभे होते हे, आवाज बसलेला, केस लाल. मी पोराला पोटाशी धरलं. तात्या उठून दारात आडवे उभे राहिले. तुम्ही त्यांना हातानं बाजूला केलंत, टोपी नीट केलीत आणि ट्रकापाशी गेलात.

“जावईबापू, रातभर जागं हायसा तुमी,” तुम्ही म्हणालात. “खाली उतरा. च्या तयार हाय.”

हलगी थांबली. कुणीतरी हसलं, त्याला कुणी साथ दिली नाही. हे उतरले. तुम्ही पुढच्या पोराच्या परातीतला चिमूटभर गुलाल घेतलात, ह्यांच्या कपाळाला लावलात.

“जिंकलायसा,” म्हणालात. “आता आणा राज्य. मलाबी पायजे ते.”

ह्यांनी मान खाली घातली. मग वाकून तुमच्या पायाला हात लावला. सगळा ट्रक खाली उतरला आणि रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जाजमावर बसला. मोठं पातेलं दोनदा चढवावं लागलं. तुम्ही स्वतः कपबशा फिरवत होता.

हे चुलीपाशी आले आणि म्हणाले, “चल, गाडीत जागा हाय.” निवडणूक झाली होती, सासऱ्यांची मुदत संपली होती. मला रडू येत होतं आणि जायचंही होतं. पण मी म्हणाले, “अशी न्हाय यायची मी. फाट्यावर सोडलं तवा कुणी बघितलं न्हाय. न्यायला दिवसाउजेडी या, घरात या, आबांना इचारा आन् मग न्या.” तुम्ही दारातून ऐकत होता हे मला माहीत होतं. हे ट्रकात चढले.

आले ते बाजाराच्या आदल्या दिवशी, सासऱ्यांना घेऊन. दोघं व्याही जाजमावर बसलात आणि उसाच्या लागणीवर बोललात, दुसरं काही नाही. सासऱ्यांनी उठताना तुमच्या खांद्याकडं बघितलं आणि लागलेलं बरं झालं का म्हणून विचारलं. निघताना तुम्ही रेडिओ कापडात बांधून माझ्या शेजारी गाडीत ठेवलात. मी नको म्हणाले. तुम्ही म्हणालात, “हितं आता कोण ऐकायला येतंय.” तक्रार नव्हती त्यात. दमला होतात. त्या एका रात्रीनं तुम्ही म्हातारे झालात, हे मला गाडी कालव्याचा पूल ओलांडत होती तेव्हा मागं वळून बघताना कळलं.

राज्य आलं तेव्हा तुम्ही नव्हता. निमगावात पेढे वाटले, ह्यांनी पहिला पेढा देवापुढं न ठेवता तुमच्या फोटोपुढं ठेवला. तुमचं ते बोलणं मात्र मी हळूहळू दुसऱ्या बाजूनं बघायला लागले. घर कच्चं होतं हे खरंच होतं. पण तुम्ही त्या पहाटे ट्रकाला सामोरे गेलात आणि ते पक्कं केलंत, आणि ते करताना तुमचं मत तसूभर बदललं नाहीत. हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमतं कोण जाणे, मला अजून जमलेलं नाही.

आता हेही नाहीत. मी बारामतीला मुलाकडं असते. त्याचं आणि नातवाचं यंदा उमेदवारावरून बिनसलंय, दोघं एका टेबलावर जेवत नाहीत, आणि दोघांनाही वाटतं मी आपल्या बाजूची. बाहेरच्या खोलीत निकाल चाललेत, मी आत हे लिहितेय. पाठवायचं कुठं, उद्या फाडून चुलीत घालावं तर चूलही नाही. गादीखाली सारीन. मतदानाला दोघं वेगवेगळ्या वेळी मला न्यायला आले होते. गुडघे दुखतात असं दोघांनाही सांगून मी कुणाबरोबरच गेले नाही, मत दिलंच नाही.

गुडघे बरे आहेत, आबा.