शेवटच्या पानावरची बातमी

नाना, आज सकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक बातमी वाचली. फिनलंडमधल्या कुठल्याशा गावात एका माणसाने घरात चोर शिरला म्हणून पोलिसांना बोलावलं. पोलीस आले, चोराला धरलं, आणि मग निघालं की तक्रार करणारा स्वतःच चुकून शेजारच्या घरात झोपला होता आणि ज्याला धरलं तो बिचारा घराचा मालक. मी एकटीच मोठ्याने हसले आणि सवयीने मान वर केली, तुम्ही ‘शेरा, साहेब?’ असं विचाराल म्हणून. समोर फायलींचं कपाट होतं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली तरी ही मान वर होतेच. आज मला तिचा राग आला. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून लिहायला बसले आहे, आणि एवढ्या वर्षांत कुणालाही न सांगितलेलं एक सांगायचं आहे. पण ते लगेच जमणार नाही. तुम्हाला माहीतच आहे, मी मुद्द्यावर यायला नाशिकहून निघून पुण्यामार्गे ठाण्याला जाते.

गंगापूर रोडवरच्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात. स्वयंपाकघरात ओट्याला लागून लाकडी टेबल, त्याच्या एका बाजूला तुम्ही, समोर मी, आणि आई तव्यापाशी. तुम्ही पाटबंधारे खात्यातले जुने कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर ‘सादर’ लिहून वर पाठवलेलं, शेरा मारणारे साहेब कायम दुसरेच. मी चौथीत असताना एका रविवारी तुम्ही पेपर आणलात, त्याच्या शेवटच्या पानावर जगभरातल्या विचित्र बातम्यांचं छोटं सदर असायचं, आणि जाहीर केलंत की आजपासून या घरात साहेब म्हणजे तुमची ही लेक. तुम्ही बातमी सादर करायची, मी शेरा द्यायचा, आणि साहेबांचा शेरा अंतिम, त्यावर पुन्हा चर्चा नाही. पेपर उलटा करून, त्याची चार घड्यांची चौकोनी फाईल करून तुम्ही वाचायचात. ब्राझीलमध्ये एका पोपटाने चोराचं नाव घेऊन त्याला पकडून दिलं. ‘शेरा, साहेब?’ ‘पोपटाच्या सेवापुस्तकात चांगली नोंद घ्यावी.’ इंग्लंडमध्ये एका बाईने आपल्या सोफ्याशी लग्न लावलं. यावर मी विचार करतेय तोवर आईच तव्यापाशी उभ्या उभ्या म्हणाली, “बरं केलं. निदान घरात सापडतो तरी.” तुम्ही इतके हसलात की चहा बशीत आला. आई बागलाणातली, चिडली की माहेरची बोली बाहेर यायची, “काय शे एवढं हसासारखं?” आणि मग आपण दोघं आणखीच हसायचो.

एकदाच तुम्ही माझ्यावर रागावलात. कुठल्याशा देशात एक म्हातारा रोज अग्निशमन दलाला फोन करायचा, आग नसतानाच. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, तिकडून कुणीतरी ‘बोला’ म्हणतं, ते ऐकायला बरं वाटतं. मी तेव्हा आठवीत, जिभेला नुकती धार आलेली. मी फाडकन म्हटलं, ‘म्हाताऱ्याचा फोन कापावा.’ तुम्ही हसला नाहीत. पेपर खाली ठेवलात आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, “साहेब, फाईल पूर्ण वाचल्याशिवाय शेरा मारायचा नसतो. कागदामागं माणूस असतो.” मी गाल फुगवून विचारलं, मग काय लिहायचं? तुम्ही म्हणालात, “जिथं काय लिहावं ते कळत नाही, तिथं चांगले साहेब लिहितात, समक्ष चर्चा करावी. मग त्या माणसाला बोलावतात आणि त्याचं ऐकतात.” त्यानंतर दोन रविवार तुम्ही एकही बातमी सादर केली नाहीत. मला ती शिक्षा मारापेक्षा जड गेली.

मग माझी हैदराबादची नोकरी लागली. केंद्र सरकारचं खातं, कायमची जागा, आणि रुजू व्हायला जेमतेम तीन आठवडे. मी नेमणुकीच्या पत्राची इतकी पारायणं केली की घडीवर कागद फाटला. नाना, आज खरं सांगते, मला त्या घरातून निघायचं होतं. तुमच्यावर राग नव्हता, आईवरही नव्हता. पण त्या दोन खोल्यांत माझं सगळं आयुष्य जाईल, कुणीतरी स्थळ आणेल, मी ‘हो’ म्हणेन, या विचाराने मला धाप लागायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या पट्ट्याला तुम्ही खिळ्याने नवं भोक पाडलेलं मी पाहिलं. तुम्ही अर्धी पोळी पानात ठेवायला लागला होतात. आई म्हणायची, उन्हाळा बाधलाय. मीही म्हणायचे, उन्हाळा बाधलाय. फेब्रुवारी चालू होता.

सामान भरायला कपाटावरची सूटकेस काढायची होती. मी स्टुलावर चढले. सूटकेसच्या मागे, भिंतीला टेकवून, एक लांब तपकिरी पाकीट होतं, एक्सरे ठेवतात तसलं. त्यावर हॉस्पिटलचा शिक्का आणि पेनाने लिहिलेली अक्षरं, पण नाव असलेली बाजू भिंतीकडे. मी ते हातात घेतलं. खालून आईने विचारलं, “सापडली का गं?” मी म्हटलं, सापडली. आईचे गुडघे दुखायचे, तिच्याच गुडघ्याचा फोटो असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि पाकीट होतं तसं परत भिंतीला लावून ठेवलं. आईच्या गुडघ्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. ती एरंडेल लावायची. सूटकेस घेऊन खाली उतरताना मी दोनदा कपाट धरलं, आणि आईला म्हटलं की स्टूल हलतंय, दुरुस्त करून घे.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझा त्या घरातला शेवटचा रविवार. आई ओट्यापाशी लाडूंचा रवा भाजतेय, मी टेबलाशी, तुम्ही समोर, आणि पेपर तुमच्या तोंडासमोर. तुम्ही तो आणखी वर धरलात. मग घसा खाकरलात. “पेरू देश,” तुम्ही म्हणालात. “डोंगरातलं एक छोटं स्टेशन. तिथला स्टेशनमास्तर. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की बाबा, फार दिवस नाहीत. गडी घरी गेला आणि कुणाला बोलला नाही. फक्त स्टेशनातलं घड्याळ दहा मिनिटं मागं लावलं. सगळ्या गाड्या उशिरा सुटायला लागल्या. लोकांनी बोंब मारली, चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, असं का केलंस? तर म्हणाला, माझी मुलगी गाडीने परगावी निघाली होती. मला दहा मिनिटं जास्त हवी होती. तिला काहीतरी सांगायचं होतं.” 

पेपर हलत नव्हता. मी विचारलं, “मग सांगितलं का त्याने?” 

“ते छापलेलं नाही,” तुम्ही म्हणालात. “फाईल तुमच्याकडे आलीय. शेरा, साहेब?” 

मला आठवतं, मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आणि मग माझा तो चांगला, ठसठशीत, तुम्हाला आवडणारा साहेबी आवाज काढला. “घड्याळ बरोबर लावावे. गाडी वेळेवर सोडावी. प्रकरण दप्तरी दाखल.” 

तुम्ही हसलात. पेपरामागून हसल्याचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. आईने ओट्यापासून विचारलं, “काय शे ते आता?” तुम्ही म्हणालात, “काही नाही. साहेबांनी निकाल दिला.” मग पेपर मिटून काखेत मारून अंगणात गेलात, आणि बराच वेळ मोगऱ्याला पाणी घालत राहिलात.

गाडी मनमाडला बदलायची होती. मी नको म्हणत असताना तुम्ही मनमाडपर्यंत सोडायला आलात. तिथे कळलं की हैदराबादची गाडी चाळीस मिनिटं लेट आहे. नाना, त्या स्टेशनमास्तराने दहाच मागितली होती. आपल्याला चाळीस मिळाली. भर दुपार, फलाटावर तापलेली फरशी, तुम्ही सूटकेसवर बसलेले आणि मी उभी. प्रत्येक मिनिटाला मला वाटायचं, आता बोलतील. म्हणून मी बडबडत होते. पाण्याची बाटली आणली, चिवड्याचं पाकीट आणलं, हैदराबादच्या पाण्याविषयी बोलले, खोलीतल्या मुलींविषयी बोलले, तुम्हाला शब्द टाकायला फट राहणार नाही इतकी बोलले. गाडी दिसली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहूनच टाकते. तुम्ही खिशातून हिरव्या शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलंत. “हे साहेबांचं. आता खऱ्या फायली येतील. पूर्ण वाचायच्या.” एवढंच. खिडकीतून मी पाहिलं तर तुम्ही फलाटावरच्या घड्याळाकडे बघत होतात.

तिसऱ्या महिन्यात ऑफिसात शेजाऱ्यांचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं माझ्यासाठीच थांबलं होतं. तेरावा झाल्यावर तुमच्या ऑफिसातले ते देवळ्याकडचे शिपाई आले, तुम्ही ज्यांना डब्यातली अर्धी भाजी द्यायचात ते. दारात चपला काढून जमिनीवरच बसले. म्हणाले, “ताई, तपासाया मीच नेलं व्हतं नानांना. दोनदा. लय इनवलं, घरी सांगा म्हणून. मग म्हणले, रविवारी पोरीपुढं फाईल ठेवतो. सोमवारी इचारलं, काय झालं नाना? तर हासले. म्हणले, शेरा आला बाबा. गाडी वेळेवर सोडायची. वरच्याचा शेरा, आता कुणी काय बोलायचं नाय.” आई माझ्याकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “तुला कळलं नाही का गं तेव्हा?” मी म्हटलं, “मला ती पेपरातली बातमीच वाटली, आई.” तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. मला तिच्या मांडीचीही लाज वाटली. पण मी उठले नाही.

त्यानंतर मी हे वाक्य पुष्कळांना सांगितलं. मावशीला, शेजाऱ्यांना, नवऱ्यालासुद्धा. सगळे म्हणतात, तुझी काय चूक, तू तरी कसं ओळखणार, बातम्याच तशा असायच्या. आई गेली तेव्हाही हेच मानून गेली. आणि मी आता खरीच साहेब आहे, नाना. रोज टेबलावर ढीग येतो, मी प्रत्येक फाईल पूर्ण वाचते, आणि हाताखालचे लोक मागे कुजबुजतात की बाईंचा एकच शेरा असतो, समक्ष चर्चा करावी. कामं त्यामुळे रखडतात, हे त्यांचं खरं आहे. कुणी रजेचा साधा अर्ज टाकला तरी मी त्याला बोलावते, बसवते, आणि तो काय बोलतो त्यापेक्षा काय बोलत नाही ते ऐकायचा प्रयत्न करते. ते बिचारे घाबरतात.

सुट्टी संपत आली, बाहेर शिपाई दोनदा डोकावून गेला. हा कागद कुठे पाठवायचा नाही. घरी गेले की तो कपाटावर, त्या जुन्या सूटकेसच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवीन. तुमचं पेन केव्हाच मोडलं, पण शाई मी अजून हिरवीच वापरते. समासात तुमच्या त्या स्टेशनमास्तराच्या फाईलवरचा शेरा बदलून लिहिला आहे. कोणता ते तुम्हाला सांगायला नको.

फक्त एवढं राहिलं. त्या रविवारी तुम्ही पेपराची घडी केली नव्हती. तो सबंध उघडा धरला होता, तोंड झाकलं जावं म्हणून. सदर शेवटच्या पानावर असायचं, आणि शेवटचं पान माझ्याकडे होतं. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी ते वाचत होते. कुठल्याशा गावातल्या बोकडाची बातमी होती, एक विसरभोळा नवरदेव होता. तुमच्या बाजूला कांद्याचे भाव असणार. पेरूचा स्टेशनमास्तर त्या पानावर कुठेच नव्हता, नाना, आणि ते मी शेरा देण्याआधी दोनदा तपासलं होतं.