दारापुढची बंडी होती त्या जागी परत आणून ठेवण्याबाबत

दिनांक : १५ सप्टेंबर १९८६

प्रति,
मा. मुख्य नगरपालिका अधिकारी साहेब,
नगरपालिका कार्यालय, चिंचखेडा,
तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा (म. प्र.)

विषय : बागकामाचा आवाज व कामाची वाहने यांबाबतच्या नियमाखाली माझी बैलबंडी पोळ्याच्या दिवशी ओढून नेली, ती जशी नेली तशी परत आणून देणे, तसेच हमीपत्रावर सही करण्यास माझा साफ नकार.

संदर्भ : आपली पहिली नोटीस (बंडी माझ्या दारासमोर उभी असल्याबद्दल) व आपली दुसरी नोटीस (तीच बंडी आपल्या दारासमोर उभी असल्याबद्दल).

महोदय,

मी खाली सही करणारी शांताबाई शालिकराम नारनवरे, राहणार नवीन कॉलनीला लागून असलेली गल्ली, आपणास सविनय कळवते की :

१. माझा धंदा बागकामाचा आहे. नवीन कॉलनीत ज्या ज्या बंगल्यापुढे हिरवळ दिसते, मेंदीचे कुंपण सरळ कापलेले दिसते, ते माझ्या व माझ्यासोबतच्या बायांच्या हातचे काम आहे. माझे पती शालिकराम बंडी हाकतात. गवत कापायचे यंत्र, जमीन दाबायचा दगडी रूळ, खताची पोती, सगळे त्या बंडीतून जाते. बंडी नाही तर धंदा नाही, इतके हे सरळ आहे. आपल्या दोन्ही नोटिसा हिंदीत आल्या. मी उत्तर मराठीत देत आहे. आपल्या कार्यालयाचे काम हिंदीत चालते हे मला मान्य, पण तिथे चहा मराठीतच मागवतात, तेव्हा हा अर्ज वाचणारा कोणी ना कोणी निघेलच.

२. कॉलनीतील संत्र्याचे व्यापारी श्री. रघुनाथराव कळंबे यांच्या तक्रारीवरून आपण नियम केला की, रहिवासी भागात सकाळी आठ वाजण्यापूर्वी बागकामाचा आवाज होऊ नये व कामाचे वाहन गल्लीत उभे राहू नये. रघुनाथरावांची बाग मीच लावली आहे. पाहुण्यांना ते ती बाग हात धरून दाखवतात. बाग पाहिजे, बागवाली नको, असा हा मामला आहे. आम्ही पहाटे काम करतो ते हौसेने नाही. माझ्या बाया नंतर शेतात कापूस निंदायला जातात. आठपर्यंत हातावर हात ठेवून बसल्या तर निंदणाची मजुरी कोण देईल, आपण की रघुनाथराव?

३. तरीसुद्धा मी नियम पाळून बघितला. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढल्या. चाकांच्या लोखंडी धावेवर जुनी पोती गुंडाळली. यंत्राला तेल पाजले. बायांना सांगितले की तोंडातून शब्द काढायचा नाही, तर त्यातल्या मालतीने पदराचा बोळा करून तोंडातच कोंबला. अशा रीतीने आम्ही रघुनाथरावांच्या आवारात शिरलो. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई फुले तोडायला बाहेर आल्या. पुरते उजाडले नव्हते. कुंपणाआड चार-पाच जणी वाकलेल्या, हातात विळे, आणि कोणी हूं की चूं करत नाही. बाईंनी जी बोंब ठोकली, "चोर वो! धावा वो!", ती लोधीखेड्यापर्यंत गेली असेल. रघुनाथराव काठी घेऊन, शेजारी मुसळ घेऊन, कुत्री आपापल्या परीने. मालती पदर तोंडातून ओढून ओरडली, "अवो बाई, आमी हाव ना, गवतवाल्या!" त्या सकाळी कॉलनीत जेवढा आवाज झाला तेवढा माझ्या यंत्राने वर्षभरात केला नसेल. दुसऱ्या दिवशी खुद्द पंचफुलाबाईच म्हणाल्या, "शांताबाई, त्या घंट्या बांधा बाप्पा बैलाईले. माहा जीव गेला असता." म्हणून घंट्या पुन्हा बांधल्या. हे नियम मोडणे होत असेल तर मी तो मोडला आहे.

४. माझी बंडी उभी राहते त्याच गल्लीत रघुनाथरावांचा ट्रक उभा असतो. आंबिया बहाराची संत्री निघाली की पहाटे त्याचे इंजिन गरम करतात आणि माझ्या फडताळावरची भांडी नाचतात. हे मी आपल्या निरीक्षक साहेबांच्या कानावर घातले. त्यांचे म्हणणे पडले की ट्रक हे व्यापाराचे वाहन आहे आणि नियम कामाच्या वाहनाला आहे. व्यापारात काम नसते ही माहिती मला नवीन होती. आवाजाचे म्हणाल तर शेजारच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडांची गोटमार होते, तिचा गलका ऐकायला आपले अर्धे गाव नवे कपडे घालून जाते. तेव्हा आमच्या भागातल्या लोकांचे कान काही एवढे नाजूक नाहीत, साहेब.

५. आता मुख्य गोष्ट. निरीक्षक साहेब ग्वाल्हेरकडचे आहेत, आणि त्यांनी जी चूक केली ती इकडचा कोणी माणूस करणार नाही. बंडी हलवा असा हुकूम घेऊन ते पोळ्याच्या दिवशी आले. आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळले होते. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असे त्यांना सांगून झाले होते. आवतन दिलेल्या पाहुण्याच्या मानेवर कोणी जू ठेवते काय? शालिकराम फार बोलणारे नाहीत. ते एवढेच म्हणाले, "साहेब, आज जू नाही ठेवत जी. उद्या सकाळी या, मी खुद्द हलवतो."

त्यावर निरीक्षक साहेब म्हणाले की तुम्ही तर बौद्ध, तुमच्यात पोळा कुठून आला. हे त्यांनी गल्लीत, लोकांसमोर म्हटले. मी त्यांना जे उत्तर दिले तेच इथे लिहून देते. आम्ही बैलाची पूजा करत नाही. तोरणाखाली नेत नाही. पण वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी द्यायला कोणता देव लागतो? राबणे म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवू नये, आणि सुट्टी म्हणजे काय हे तर मुळीच नाही.

आपले दोन शिपाई इथलेच. त्यांनी हात मागे बांधून घेतले. तक्रारदार रघुनाथराव स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, आज राहू द्या. मले गावात तोंड दाखवाले जागा नाही राहणार." निरीक्षक साहेबांनी ऐकले नाही. त्यांनी नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला, बंडीला साखळी बांधली आणि ओढत नेली. जू जमिनीवर घासत गेले. गावातले सजवलेले बैल तोरणाकडे जात होते आणि त्यांच्यामधून आमची बंडी कचऱ्याच्या ट्रॅक्टरमागे चालली होती. आमचे दोन्ही बैल शिंगे रंगवलेले, दारात उभे. घरातली पुरणपोळी कोणाच्याच घशाखाली उतरली नाही. मला रडू आले. ते रागाचे होते, हे नोंदवून घ्यावे.

६. तेव्हापासून बंडी आपल्या कार्यालयाच्या आवारात, आपल्याच खिडकीखाली आहे. अध्यक्ष साहेबांची जीप तिच्यामुळे तीनदा मागेपुढे केल्याशिवाय निघत नाही असे ऐकते. म्हणून आपली दुसरी नोटीस आली, की मी शासकीय आवारात विनापरवाना कामाचे वाहन उभे करून रहदारीस अडथळा केला, सबब दंड का करू नये. वा रे वा! साहेब, ती बंडी पायी चालत आपल्याकडे आली नाही. ट्रॅक्टर आपला, साखळी आपली, हाकणारा आपला. ज्याने उभी केली त्याला नोटीस द्यावी. त्याचा पत्ता आपल्याच हजेरीपटात आहे. दंडाचा मी एक पैसाही भरणार नाही.

७. आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की हमीपत्रावर सही करा आणि बंडी घेऊन जा. हमीपत्रात लिहिले आहे की यापुढे बंडी कायमची नाल्यापलीकडच्या मैदानात उभी करीन. दोन दिवसांपूर्वी रघुनाथरावही तेच सांगायला आले. आमचे काम बंद असल्याने त्यांचे गवत मांडीपर्यंत वाढले आहे आणि पंचफुलाबाईंच्या पायाजवळून साप गेला. ते ओट्याखाली उभे राहूनच बोलले, "बाई, आवाजाचं आता काही नाही. पहाटे या, वाटलं तर चारला या. घंट्या बांधा, यंत्र चालवा. फक्त बंडी तेवढी नाल्यापल्याड ठेवत जा. पाहुणेरावळे येतात, दारात बरं नाही दिसत." मी म्हटले, "भाऊ, म्हणजे आवाजाचं काहीच नव्हतं." ते खाली बघत निघून गेले. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त लागले.

नाल्यापलीकडचे मैदान म्हणजे काय हे निरीक्षक साहेबांना माहीत नसेल. आपण चौकशी करावी. गावाची मेलेली ढोरे तिथे टाकत. माझे सासरे दादाराव त्या मैदानाच्या कडेला झोपडीत जन्मले आणि अर्धे आयुष्य तिथेच राहिले. ती जागा त्यांनी पसंत केली नव्हती, गावाने त्यांना दिली होती. पुढे त्यांनी या गल्लीत रीतसर खरेदी करून घर बांधले. दारापुढे पहिल्यांदा बंडी उभी केली त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून नुसते तिच्याकडे बघत राहिले. जेवायला बोलावले तर म्हणाले, "थांब पोरी, पाहू दे." मी तेव्हा नवी सून होते. काय बघतात हे मला कळले नाही. आता कळते.

आज बंडी नाल्यापलीकडे गेली की उद्या बैल जातील, शेणाचा वास येतो म्हणून. परवा आमची चूल जाईल, धूर होतो म्हणून. मग आम्ही. हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे, साहेब. आम्ही तो तिकडून इकडे चालत आलो आहोत, इकडून तिकडे जाणार नाही. आवाज कमी करा म्हणाल तर करीन. वेळ थोडी बदला म्हणाल तर बायांशी बोलून बघीन. पण सही करणार नाही.

८. तरी माझ्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत. विनंती हा शब्द मी मुद्दाम लिहिलेला नाही.

बंडी ज्या ट्रॅक्टरने नेली त्याच ट्रॅक्टरने, भर दिवसा, त्याच रस्त्याने परत आणावी. निरीक्षक साहेबांनी सोबत चालत यावे, त्यांना बसायला जागा आम्ही देऊ, चहाही देऊ. बंडी माझा उंबरठा आणि नाली यांच्यामध्ये, होती तिथेच ठेवावी. जो नियम बंडीला लागेल तो ट्रकला लागावा, नाहीतर कोणालाच लागू नये. हे होईपर्यंत माझी कोणतीही बाई कॉलनीत विळा उचलणार नाही. आपल्या बंगल्यामागची हिरवळही त्यात आली, याची आपल्या घरी कल्पना देऊन ठेवावी. सापाचे दिवस आहेत.

९. शेवटी सध्याची परिस्थिती कळवते. बंडीची जागा रिकामी दिसली तर तिथे उद्या कोणीतरी स्कूटर लावील आणि परवा म्हणेल की ही जागा माझी. म्हणून मी त्या जागेवर सतरंजी टाकून बसले आहे. मी स्वयंपाकाला उठले की शालिकराम बसतात. काल दुपारपासून मालती आणि इतर बायाही निंदण आटोपून येऊन बसू लागल्या आहेत. आपला नियम मी पुन्हा पुन्हा वाचला. कामाचे वाहन उभे करू नये असे त्यात आहे. काम करणाऱ्या माणसाने आपल्या दारापुढे बसू नये असे कुठे लिहिलेले सापडले नाही. तसे लिहायचे असेल तर अवश्य लिहावे, आणि तिसरी नोटीस घेऊन यावे. घराची कडी वाजवू नये, घरात कोणी नसते. आम्ही बाहेरच आहोत.

नम्र आहेच, पण जागेवरून उठणार नाही अशी,

शांताबाई शालिकराम नारनवरे
(सही माझी स्वतःची. अर्ज मीच लिहिला, त्याच जागेवर बसून.)

सोबत :
१) पहिली नोटीस
२) दुसरी नोटीस
३) हमीपत्र, सही न करता परत