पर्समधला फवारा

रविवार, १४ डिसेंबर

हाताचा कांद्याचा वास जात न्हाई. दोनदा साबण लावला.

माझ्या लेकीला, रेखाला, पाहायला पाहुणे आल्ते, कुंभार पिंपळगावला, थोरल्या जाऊबाईंच्या घरी. पोहे देऊन पोरगी पाटावर बसली आन् तिथंच तिला फिट आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाच मिनिटांत थांबली न्हाई तर नाकात फवारा मारा, दवाखान्याची वाट पाहू नका. फवारा पर्समध्ये होता. पर्स माझ्या मांडीवर.

जाऊबाई ओरडल्या, "कांदा आना, जल्दी!"

मुलाच्या आईनं विचारलं, "आधी कधी झाल्तं का असं?"

"न्हाई, पहिल्यांदाच," मी म्हणाले.

मंग फवारा काढायचा कसा? औषध जवळ आहे म्हणजे आजार जुना, हे कोणालाही कळलं असतं. म्हणून मी, शिकलेली बाई, पोरीच्या नाकाला फोडलेला कांदा धरून बसले. घड्याळ समोर होतं, तिकडं पाहिलंच न्हाई. पर्सची चेन अर्धी उघडली, परत लावली. का लावली?

शेवटी जीपमध्ये घातलं. झटके चालूच. तिथं तरी मारायचा ना! पण मुलाची आई शेजारीच बसली होती.

दवाखान्यात सुई दिल्यावर झटके थांबले. मुलाची आई बाहेरच थांबली होती. रेखा शुद्धीवर आली, तसे आमचे डॉक्टर माझ्यावर तडकले, "फवारा लिहून दिल्ता ना? का न्हाई मारला?"

मी तोंड उघडायच्या आधी रेखाच म्हणाली, "मीच घरी विसरले, डॉक्टर."

सकाळी पर्समध्ये तिनंच ठेवला होता तो, मला दाखवून.