मरतात ते दोघं, नाटक माझं

५ जानेवारी
जामनेरच्या नाट्यमंडळानं मला घेतलं. जुनं गाजलेलं दुःखी नाटक. दोन घरांचं वैर, पोरगा-पोरगी प्रेमात, शेवटी दोघं विष पिऊन मरतात. मी पोरीची दाई. दोघं मेल्यावर मी हेल काढून रडायचं. म्हणजे नाटक माझंच. ते नुसते पडलेले.

११ जानेवारी
नायक चुडामणभाऊ. वय अठ्ठेचाळीस, मिशीला डाय. प्रेमात गुडघे टेकतात तर कटकट आवाज येतो. दिग्दर्शक जितेंद्रला म्हटलं, याला विषाआधी बाम द्या. म्हणाला, आक्का, तुमचं तुम्ही बघा.
जळतात लोक.
ठरवलं, उद्यापासून चेष्टा बंद.

१२ जानेवारी
केली. चूक त्या गुडघ्यांची.

१९ जानेवारी
रडणं फक्त अर्धं मिनिट म्हणे! आमचे हे गेले तेव्हा मी पाऊण तास रडले. त्यांच्या आवडत्या भाजीपासून बैलांच्या नावांपर्यंत बठ्ठं घेतलं. जितेंद्र म्हणाला, जळगावला परीक्षक आहेत, नंबर आला तर धुळ्याला फायनल. हो म्हटलं. मनात पाच मिनिटं धरली.

२८ जानेवारी, जळगाव
पुढची रांग माझ्या गावच्या बायकांची. टाळ्यांसाठी मीच जीप भरून आणल्या. हेल काढला. आमच्याकडे एकीनं हेल काढला की बाकीच्यांनी उठून गळ्यात पडायचं, नाही पडलं तर वर्षभर बोलणी. इंदिराबाई उठली. मग सगळ्या. स्टेजवर नऊ जणी. मेलेली नायिका खाली दबून खोकली. इंदिराबाईनं मला पाणी पाजलं, म्हणाली, कितलं रडशी माय, चाल. थेट जीपमध्ये नेऊन बसवलं.

२९ जानेवारी
नंबर आला! अर्थात माझ्यामुळे. जितेंद्र म्हणाला, आक्का, तुम्ही गेल्यावर शेवटचा प्रवेश काय रंगला! कौतुकाची याची रीतच वाकडी.

२ फेब्रुवारी
धुळ्याला दाईचं काम कहकशा नावाची पोरगी करणार. बावीस वर्षांची, रडायचं कॉलेजात शिकली. मला त्याहून मोठी जबाबदारी: हॉलमध्ये बसून बायकांना उठू द्यायचं नाही. पोरगी आपटणार, ऐनवेळी मलाच बोलावतील. दाईचं पातळ इस्त्री करून पिशवीत ठेवलं.

८ फेब्रुवारी, धुळे
पोरीनं हेल काढला. मेलीनं काय काढला! एकही बाई खुर्चीवरून हलली नाही. नजरेनं धरून ठेवलेल्या मी.
स्टेजवर कोण गेलं ते लिहीत नाही. पोरीचा खांदा भिजला एवढं खरं. चुडामणभाऊ मेल्या मेल्या म्हणाले, आक्का, खाली उतरा.
येताना मला टेम्पोत बसवलं. मागे, पडदे नि तलवारींबरोबर.