सादळलेली उदबत्ती

प्रिय ऋजुता,

विमान गेलं! पडलं नाही, मोडलं नाही, करवंदीच्या जाळीत अडकलं नाही. सरळ वर गेलं, घारींमध्ये जाऊन मिसळलं आणि दिसेनासं झालं. तुझी आई भर दुपारी सड्यावरच्या उघड्या कातळावर, अर्ध्या वाडीसमोर, पोरीसारखी नाचली. शेजारच्या दर्शनावहिनींनी त्याचा व्हिडिओ काढलाय, तो तुला पोचला असेलच. पण त्यात नुसतं माझं नाचणं आहे, विमान कुठेच नाही, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? "गोळी घेतलीस का" पासून सुरू होतं ते "जपून चाल" वर संपतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, हा केवढा फायदा!

आधी ते डेन्मार्कचं. हेमामावशीच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असून तू तिला सांगितलंस, म्हणजे ते माझ्या कानावर जावं असंच तुझ्या मनात असणार. पवनचक्क्यांची पाती बनवणारी एवढी मोठी कंपनी तुला बोलावते, आणि तू त्यांना नाही म्हणून, पुण्याचं बिऱ्हाड आवरून रत्नागिरीला येणार. का, तर आईचे हात कापतात. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय हेही तिनेच सांगितलं. बरं, हे इथेच ठेवते. विमानाचं सांगून होऊ दे, नाहीतर सगळं पत्र रागानेच भरेल.

दिवाळीतली ती दुपार तूही विसरली नसशील. माझं मोटारीचं लाल विमान छान वर गेलं होतं. रिमोट माझ्या हातात, आणि वळण घेताना अंगठा असा काही थरथरला की विमान नाकावर कातळात. तू तुकडे गोळा केलेस, ओढणीत बांधलेस आणि एक अक्षर बोलली नाहीस. त्या न बोलण्याचा मला इतका संताप आला म्हणून सांगू! तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "चला, आता टेबलावर जेवायला जागा झाली." मला तसलं काहीतरी ऐकायचं होतं. पुढे डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं, तू पुण्याला गेलीस, आणि मी रिमोट कपाटात टाकून दिला. ओढणीचं गाठोडं मात्र टेबलावरच होतं. शेवटी एके दिवशी सोडलं. दोन्ही पंख तसे धड होते. फुटलं होतं ते नाक आणि शेपूट.

मग मी विचार केला, कापणाऱ्या हाताला जमत नाही ते नेमकं काय? रिमोट. तर मग रिमोटच नको! रिमोट नव्हते तेव्हाही लोक विमानं उडवतच होते की. तोल असा साधायचा की एकदा सोडलं म्हणजे ते आपलं आपण गोल गोल फिरत राहील. मी विमानाच्या पोटातली मोटार, बॅटरी, तारा, सगळं बाहेर काढलं. नाक हलकं झालं, तर त्यात गळाला लावतात ते शिसं भरलं. शेपटीचं उभं पातं डावीकडे किंचित वळवून चिकटवलं. सुरी हातात धरवत नाही, दोनदा बोट कापून घेतलं, हे तुला सांगितलं नव्हतं. मग सुरी ठेवून दिली आणि नव्या नाकाचं नि शेपटीचं सगळं लाकूड पॉलिश पेपरने घासून आकाराला आणलं. घासायला माझा हात आता कसा पळतो ते बघायला तरी ये. वेळ लागतो, पण वेळेला काय तोटा आहे मला? आणि हे बघ, आपण सोडायचं आणि त्याने आपलं आपण उडायचं, यातून तू लगेच काहीतरी अर्थ काढशील. काढू नकोस. ते विमान आहे.

आता उदबत्ती. असलं विमान उन्हाने तापलेल्या हवेत सापडलं तर वर वर जात राहतं, परत येत नाही. त्याला खाली आणायला काहीतरी युक्ती लागते. शेपटी दोऱ्याने दाबून बांधायची आणि दोऱ्याला लावायचा उदबत्तीचा पेरभर तुकडा. जळत जळत दोऱ्यापर्यंत आला की दोरा तुटतो, शेपूट टुणकन वर होते आणि विमान सुकल्या पानासारखं सावकाश खाली उतरतं. ठिणगी गवतात पडू नये म्हणून भोवती पत्र्याची नळी केली. दर्शनावहिनींनी मला विमानाला उदबत्ती लावताना पाहिलं आणि त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, अहो, पूजा नाही, हे घड्याळ आहे. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

पहिल्या खेपेला भल्या सकाळी गेले, म्हटलं ऊन नको. विमान सोडलं, आणि ते थेट समुद्राच्या दिशेने! कड्याच्या टोकाशी करवंदीत अडकलं म्हणून वाचलं, नाहीतर गेलंच होतं अरबी समुद्रात. 'खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी जन्मभर पोरांना घालत आले, लिहिलं नाही तर मार्क कापले, आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो हे माझ्याच लक्षात राहू नये! माझी मीच इतकी हसले की सखारामभाऊ घाबरून बघायला आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना काही काम नाही, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे नोकरीवर घेतलं.

मग शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी खारा वारा सुटल्यावर निघालो. मुंबईचे चाकरमानी आलेलेच होते, "बाईंचं विमान" म्हणत तेही मागून. सड्यावर कातळ तव्यासारखा तापलेला, वर दोन घारी पंख न हलवता फिरताहेत. मी मनात म्हटलं, जागा हीच. तंगुसाचं, त्या गळाच्या नायलॉन दोऱ्याचं, एक टोक विमानाच्या पोटातल्या आकड्याला अडकवलं, दुसरं भाऊंच्या हातात. पतंगासारखं वाऱ्यावर ओढत त्यांनी धावायचं, मी शेपटीची उदबत्ती पेटवून विमान डोक्यावर धरायचं आणि सोडायचं. पण भाऊ धावण्याआधी गाऱ्हाणं घातल्याशिवाय ऐकेनात. तंगूस हातात धरून मोठ्याने सुरू, "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या बाईंनी हौसेनं इमान केलंय, त्याला वर जाऊ दे, आणि माझ्या गुडघ्याला काय होऊ देऊ नको रे म्हाराजा!" अख्खा सडा ओरडला, "व्हय म्हाराजा!"

माझे हात तेव्हा नेहमीपेक्षाही जास्त कापत होते. विमानाचे पंखसुद्धा थरथरत होते, सगळ्यांना दिसत असणार. पण भाऊ लुंगी खोचून धावले, वाऱ्याने पंख उचलले, मी बोटं उघडली, आणि गो ऋजू, ते माझ्या हातातून निघालं ते क्षणात शांत झालं. थरथर माझ्याकडे राहिली, विमान स्थिर! तंगूस सुटलं. एक गोल घेतला, दुसरा घेतला, दर गोलाला थोडं वर. घारी होत्या तिथे पोचलं, तशी एक घार त्याला बघायला आली. सगळ्यांच्या माना वर. मी म्हटलं, आता उदबत्ती संपेल, आता खाली येईल. येतंय कसलं! ते वाऱ्यावर आत, जमिनीकडे सरकत सरकत ठिपका झालं आणि गेलं. लोक हळहळले. भाऊ म्हणाले, "बाई, माझ्या धावण्यात काय चुकलं काय हो?" आणि मी नाचत होते.

संध्याकाळी फोन. पंखावर माझं नाव नि नंबर लिहिला होता, पण माझ्या अक्षराची कृपा, सात कुठला नि एक कुठला ते कळेना, आधी भलत्याच माणसांना फोन गेले म्हणे. "बाई, मी हातखंब्याहून काशी बोलतेय, टपरी हाय माझी. तुमचं इमान माझ्या पत्र्यावर येऊन बसलंय. पोलिसांना बोलवू, का तुम्ही येताय?" हातखंबा, ऋजू! समुद्रापासून एवढं आत, हायवेवर! मोटार नाही, रिमोट नाही, नुसत्या वाऱ्यावर. सकाळी पहिल्या एसटीने गेले. काशीने विमान बरण्यांच्या मागे ठेवलं होतं, ट्रकवाले एकेक करून बघून जात होते. पंखाला खरचटलेलं, बाकी धडधाकट. आणि शेपटीला दोरा शाबूत, उदबत्ती अर्ध्यात विझलेली. बोटाने दाबून पाहिली तर मऊ. सादळली होती! सणाच्या गडबडीत देवघरातला डबा उघडा राहिला असणार. कोरडी असती तर विमान शहाण्यासारखं सड्यावरच उतरलं असतं. परत येताना ते मांडीवर, पंख खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून पुढच्या बाकावरच्या आजोबांनी टोक धरलेलं. कंडक्टरने विचारलं, याचं अर्धं तिकीट काढू का? मी म्हटलं, हे एकटंच इथवर आलंय, फुल काढा.

आता शुक्रवारचं. तू मला एकटं टाकायला घाबरतेस, असं हेमा म्हणाली. भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू. चहाची बशी हातात वाजायला लागते तेव्हा वाटतं, ऋजू इथे असती तर! तू मला रोज हवी आहेस. पण तू आलीस की काय होईल ते मला स्पष्ट दिसतंय. तू कप अर्धाच भरून देशील. कातरी लपवशील. सड्यावर माझ्या मागून छत्री धरून येशील, प्रेमानेच येशील, आणि तुझ्या तोंडाकडे बघून मला रोज आजारी असावं लागेल. आत्ता मी आजारी असते ती डॉक्टरांच्या बाकावर बसते तेवढ्यापुरती. बाकी सगळे दिवस मी विमानं करणारी बाई असते, जिचं विमान हातखंब्याला गेलं. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस गो. हे तोंडावर सांगायला मला जमलं नसतं, मी रडले असते आणि तू राहिली असतीस, म्हणून लिहिलं. त्यांना हो कळव. माझ्यासाठी जा. स्वतःसाठी जायचं तुला तिकडे पोचल्यावर सुचेल.

कापऱ्या हाताची, पण शब्दाची पक्की,
तुझीच,
आई