वॉचमनच्या घरी कोणी कळवलं?

बाबा, गेल्या आठवड्यात टीव्हीवर तुम्ही एका माणसाला मारायला सांगितलंत. आपल्याच चाळीच्या गॅलरीत, कठड्याशी टेकवलेल्या स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही रहस्यकथेचं पुस्तक मोठ्याने वाचत होतात. भोवती पोरं बसली होती. एका ओळीवर बोट ठेवून तुम्ही थांबलात, त्यातल्या एकाकडे पाहिलंत, त्याने मान हलवली, आणि पुढच्याच दृश्यात गिरणीच्या फाटकावरचा वॉचमन रक्तात पडलेला. वर ढणढण संगीत. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि घरात कोणी नसताना मोठ्याने म्हणाले, "नालायक!" तुम्हाला नव्हे.

मालिकेत तुमचं नाव वेगळं आहे, चाळीचंही. तेवढी काळजी वकिलांनी घेतलेली दिसते. पण स्टूल तुमचं, कपाळावरचा चष्मा तुमचा, आणि पान उलटायच्या आधी अंगठा जिभेला न लावता मांडीवरच्या ओल्या फडक्याला लावायची सवय तर जगात फक्त तुमची. "लायब्ररीचं पुस्तक आहे, उष्टं करायचं नाही." हे त्यांना सांगितलं मी. मागच्या वर्षी दादरच्या घरी एक मुलगी आली होती, गिरण्यांच्या संपाच्या काळावर मालिका करतोय, म्हणून. बोलायला नम्र, चकल्या मनापासून खाल्ल्या. "आजी, मला ऑथेंटिक डिटेल्स हवेत," म्हणाली. मी म्हटलं, मी तुझी आजी नाही, आणि डिटेल्स माझ्याकडे ऑथेंटिकच असतात. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या बाईला दुपारी कोण विचारतं? मी दुपारभर बोलले, तिने मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. मला बरं वाटत होतं. गिरणगावाबद्दल विचारायला कोणीतरी आलंय आणि अजून एकदाही 'गँग' म्हणालेलं नाही, असं मनात येत होतं.

तुम्ही गेल्यानंतर रहस्यकथेचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. मी सगळं वाचते आणि सगळं बघते. तुमचंच व्यसन आहे. आताच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर एक मुलगी मरून पडलेली असते आणि ती सुंदरच असते. तपास करणारा पोलीस घटस्फोटित असतो, त्याला झोप लागत नाही, तो खिडकीशी उभा राहून पितो. खुन्याचं बालपण चार प्रकरणं पुरतं. मेलेलीला बालपण नसतं. सिनेमात तर मेलेल्याला चेहराही नसतो, नुसता खडूने आखलेला आकार. आणि गोष्ट लालबाग-परळची असली की विचारायलाच नको. सगळीकडे पिवळट उजेड, प्रत्येक वाक्यात शिवी, प्रत्येक बाप दारुडा आणि प्रत्येक पोरगा पिस्तुलाच्या वाटेवर. आपल्या गॅलरीत शिव्या नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण दोन शिव्यांच्या मध्ये माणसं बाकीचंही पुष्कळ बोलायची. संपानंतर पोरं वाया गेली हेही खरं. आपल्या मजल्यावरचा एक त्यात जिवानिशी गेला, त्याच्या आईजवळ तुम्हीच बसून होतात. पण त्याच मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांतून शिंपी निघाले, नर्सेस निघाल्या, मी निघाले. त्यांच्यावर कोणी मालिका काढत नाही.

संपाचा पहिला उन्हाळा आठवतो. तुम्ही कापड विणायच्या साच्यांवर काम करणारे; तुमच्या हातांना रिकामं बसायची सवय नाही. मग तुम्ही लालबागहून चालत फणसवाडीच्या लायब्ररीत जायचात, कधी मलाही न्यायचात, आणि रहस्यकथा घेऊन चालत परत. दिवे लागायच्या सुमाराला गॅलरी भरते. बायका निवडणं-टिपणं घेऊन बसतात, पुरुष विड्या ओढत कठड्याला टेकतात, तुम्ही वाचायला लागता. मी कॉन्व्हेंटात शिकणारी, अंगात शिष्टपणा भरपूर. तुमच्या मागे उभी राहून पुस्तकात डोकावते. पुस्तकातला बंगला पुण्यात असतो, तुमच्या तोंडून तो भायखळ्याला येतो. गुप्तहेर मोटारीतून उतरतो तो चिंचपोकळीच्या पुलाजवळ. इस्टेटीचा दिवाणजी असतो त्याचा तुम्ही गिरणीत कामगारांवर मुकादमी करणारा हेडजॉबर करून टाकता, आणि तो लबाड निघाला की सगळी गॅलरी खूश. मी म्हणते, "बाबा, असं नाही लिहिलेलं." तुम्ही मान न वळवता म्हणता, "लिहिणाऱ्याला इथला पत्ता माहीत नव्हता."

त्यातूनच तो घोटाळा झाला. तळमजल्यावर खानावळवाल्या मावशी होत्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना त्या दोन वेळा जेवायला घालायच्या. त्यांच्याकडे जेवणारा कोणी इथे वारला, तर त्याची ट्रंक आणि निरोप गावी पोचवायचं काम त्यांचं. जो कोणी पुढे गावाला निघेल त्याच्याबरोबर त्या ते पाठवायच्या. कोणी ठरवून दिलं नव्हतं, पण सगळ्या खानावळींत तसंच चालायचं. त्या संध्याकाळी मावशी सूप घेऊन उशिरा आल्या, पुस्तकाची सुरुवात त्यांनी ऐकलीच नाही. पुस्तकातल्या बंगल्याच्या पहारेकऱ्याला तुम्ही गिरणीचा वॉचमन केलं होतंत, उगीच रंग भरायला त्याला देवगडकडचं गाव दिलं होतंत, आणि तो फाटकावर मेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या दारात. हातात गाठोडं, त्यात तांदूळ आणि एक नारळ.

"मास्तरानू, त्या वॉचमनाची ट्रंक खंय असा? आमचो एक माणूस उद्या गावाक जाता. त्येच्या बायलेक कोणी कळवल्यान की नाय?"

वाचून दाखवता म्हणून चाळ तुम्हाला मास्तर म्हणायची. त्या सकाळी गॅलरी खदाखदा हसली. मी तर पोट धरून. "अहो मावशी, ती गोष्ट आहे! खोटी!"

मावशींचा चेहरा पडला. "गोष्ट? मगे माका रातभर झोप नाय ती फुकट?"

त्यावर लोक आणखी हसले. तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, "दात काय काढतेस? आपण सगळे मारणारा कोण ते ऐकत बसलो होतो. मेलेल्याकडे लक्ष एकट्या यांचं होतं." मग मावशींच्या हातातलं गाठोडं घेऊन आत ठेवलंत आणि म्हणालात, "कळवतो, मावशी. आज संध्याकाळी कळवतो."

संध्याकाळी तुम्ही वाचायला बसलात आणि गुप्तहेराने तपास थांबवला. त्याने वॉचमनच्या खोलीतून ट्रंक घेतली, गाडीने देवगड गाठलं, तिथून खांद्यावर ट्रंक घेऊन चालत वाडीत गेला. घरापुढच्या खळ्यात वॉचमनची बाई कुळीथ सोलत होती, नव्हे, सुकवत होती. मावशींनी मधेच तुम्हाला दुरुस्त केलं, कुळीथ काय सोलतात? ट्रंक उघडली. दोन शर्ट, दाढीचा आरसा, मुलीसाठी घेतलेल्या लाल रिबिनी. बाई रिबिनी उलगडून पुन्हा गुंडाळत राहिली. मग तिने गुप्तहेराला पेज वाढली. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, काल हे पुस्तक एवढं जाड नव्हतं!" दुसरा म्हणाला, "गप रे, जेवू दे त्याला." मी मागून डोकावले. तुमच्यासमोरच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. तुम्ही अंगठा फडक्याला लावून ती जाहिरात उलटलीत आणि पुढे वाचत राहिलात. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि सूप उचलून म्हणाल्या, "आता धरा त्या मेल्याक."

त्यानंतर संप चालला तोवर आपल्या गॅलरीत प्रत्येक पुस्तकात आधी ट्रंक घरी पोचायची, मग तपास. मोठ्या घरची बाई मेली तरी तिच्या माहेरी निरोप जायचा. तुम्ही घाईत विसरलात तर लोक अडवायचे, "मास्तर, घरी कळवलं का?" एवढं सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तेलाच्या जाहिरातीपर्यंत सांगितलं. ट्रंकेपाशी तिचे डोळे भरून आले होते, "मॅडम, हे किती सुंदर आहे," म्हणाली. आणि पडद्यावर काय आलं? स्टूल आलं, चष्मा आला, फडकं आलं. ट्रंक गेली, मावशी गेल्या, आणि पुस्तकांतून खून शिकून पोरांना शिकवणारा एक थंड डोक्याचा म्हातारा आला.

संताप नुसता माझा असता तर मी दोन दिवस भांडी आपटून गप्प बसले असते. पण काल चाळीतल्या आपल्या बाजूच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. ती अजून लालबागलाच असते. "अगो, मास्तर असले धंदे करायचे? आमची सून विचारते. मी म्हटलं, नाय गो, देवमाणूस होता. तर म्हणते, मम्मी, तुम्हाला काय माहीत, तुम्ही तेव्हा लहान होता." ऐकलंत? तुम्हाला प्रत्यक्ष ऐकलेली माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत. ती गेली की उरेल तो पडद्यावरचाच. तुमचा एक फोटो आहे माझ्याकडे, तोही लग्नातला, कोणाच्या तरी खांद्यामागून अर्धा. त्या अर्ध्या चेहऱ्याने मी या लोकांच्या पोस्टरशी कशी लढू?

आणि बाबा, त्यांनी तुम्हाला मारायला लावलं कोणाला ते तरी पाहा. वॉचमनला! गिरणीने परत घेतलं नाही, दोन-तीन ठिकाणी हमाली झाली, आणि शेवटी तुम्ही वॉचमनचा निळा युनिफॉर्म घातलात, शिवाजी पार्काजवळच्या एका इमारतीत. जिन्याखाली खुर्ची, मांडीवर पुस्तक. त्याच खुर्चीत तुम्ही एका सकाळी गेलात. सोसायटीच्या सेक्रेटरीने एजन्सीला फोन केला, बदली माणूस पाठवा म्हणून. एजन्सीने माणूस पाठवला. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखी तुमचा रिकामा डबा न्यायला आले, तर खुर्चीत दुसराच कोणी बसलेला. मी विचारलं, "आधीचे कुठे आहेत?" तो गडबडून उभा राहिला. "ते वारले ना, ताई, सकाळी. तुम्ही कोण?" त्या बिचाऱ्याचा काय दोष. इमारतभर सगळ्यांना माहीत होतं. घरी कळवायचं असतं हे तेवढं कोणाला सुचलं नव्हतं. मावशी तोवर कायमच्या गावी गेल्या होत्या.

आज सकाळी मी त्या मुलीला फोन लावला. "मॅडम! कशी वाटली?"

"तू माझ्या वडिलांना खुनी केलंस."

"नाही मॅडम, ते तुमचे वडील नाहीत. फक्त इन्स्पायर्ड आहे. इट्स फिक्शन."

"फिक्शन मला नन्सनी शिकवलंय, आणि त्यातली गंमत माझ्या बापाने. ट्रंक कुठे गेली?"

"मी लिहिली होती, मॅडम. शपथ. वरून कापली. म्हणाले, वॉचमनच्या फॅमिलीत कोणाला इंटरेस्ट आहे? गोष्ट थांबते." मग मला खूश करायला म्हणाली, "पुढच्या सीझनमध्ये ते कॅरेक्टर मरतं ना, खूप मोठा सीन आहे. लोक रडतील."

"मग त्याच्या घरी कोण कळवतं?"

"घर... घर दाखवलेलंच नाहीये, मॅडम."

"त्याला मुलगी आहे."

"रिअली?" पोरीचा आवाज एकदम उजळला. "वापरू शकतो आम्ही?"

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तिचं वय बघता तिच्यावर एवढं ओरडायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी ओरडले ते कमीच आहे.

हे कागद आता घडी करून तुमच्या चष्म्याच्या डबीजवळ, कपाटात ठेवते. टपालात टाकण्याजोगं यात काही नाही. फक्त एक राहिलंय, ते त्या मुलीला मी मरेपर्यंत सांगणार नाही. एवढी चिडले तरी मालिका मी शेवटपर्यंत पाहिली, आणि रोज दुपारी त्या गॅलरीच्या दृश्यापाशी परत जाते. तो नट कोण कुठला मला माहीत नाही. पण अंगठा फडक्याला लावून तो पान उलटतो ते इतकं तुमच्यासारखं उलटतो की पहिल्यांदा मी खुर्चीतून उठलेच. आता मी आवाज बंद करून बघते. आवाज बंद असला की तुम्ही काय वाचताय ते मी ठरवते. तुमचे ओठ हलतात, पोरं गुडघ्यांना मिठी घालून ऐकतात, आणि गुप्तहेर ट्रंक घेऊन वाडीत पोचलेला असतो, खळ्यात कुळीथ वाळत असतात. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवायच्या आत मी बंद करते.